हिवरखेडहून बाबांना

अकोला, १ सप्टेंबर

बाबा,

सुखरूप पोचले. सकाळी पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवारात फिरून आले. उद्या रेल्वेने अकोट, पुढे एसटीने हिवरखेड. आईला सांगा, दाण्याची चटणी अजून शिल्लक आहे.

हिवरखेड, ३ सप्टेंबर

बाबा,

इथे शेतात उभं राहिलं की उत्तरेला सातपुडा दिसतो. जिथे उतरले आहे तिथले काका आज मक्यात घेऊन गेले. म्हणाले, "पाय बरं पोरी, पोंगा पिवया पडून रायला. युरिया कमी पडला का वं?"

मला एकदम तुम्हीच आठवलात.

पान उन्हासमोर धरलं. नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं शेंड्याकडून मधल्या शिरेच्या कडेने पिवळी पडतात. इथे कोवळ्या पानावर, शिरांच्या मधोमध फिकट, तुटक रेघा होत्या. पोंग्यात मावाही होता. खात्री प्रयोगशाळेतच होईल, पण लक्षण विषाणूचं, उसावरच्या मोझॅकच्या जातीचं.

मक्यात तीस हजारांहून अधिक जनुकं आहेत. २००९ मध्ये त्यांचा आराखडा प्रसिद्ध झाला. प्रत्येक पेशीत ती सगळी असतात, पण सगळी एका वेळी कामाला लागत नाहीत. विषाणू शिरला की झाड कामाची वाटणी बदलतं. उन्हातून अन्न करणारी कितीतरी जनुकं मंदावतात, म्हणून हिरवेपणा जातो; बचावाची प्रथिनं करणारी जागी होतात. विषाणू स्वतःच्या प्रती काढताना त्याचा आरएनए दुपदरी होतो. झाडाची प्रथिनं नेमका तो पकडून त्याचे बारीक तुकडे करतात आणि त्या तुकड्यांच्या खुणेवरून उरलेल्या प्रती शोधून कापतात. विषाणूकडेही ते तुकडे अडवून धरणारं प्रथिन असतं. त्या फिकट रेघेत ही झुंज चालू असते.

सगळ्यात नवल पुढेच आहे. २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी या मोझॅकला अडवणारं एक जनुक शोधलं. रोगाला दाद न देणाऱ्या आणि बळी पडणाऱ्या, दोन्ही मक्यांत त्याचं प्रथिन तेच. फरक जनुकाच्या अलीकडच्या, त्याला चालू करणाऱ्या भागात. एकात ते भरपूर बोलतं, दुसऱ्यात जवळजवळ गप्प.

काकांना सांगितलं, विषाणूवर फवारणी नाही. रोगट झाडं लवकर उपटायची, बांधावरचं गवत काढायचं, पुढच्या वेळी प्रतिकारक वाण पाहायचं. त्यांनी तिथेच चार झाडं उपटली.

आपला मूग केवडा रोगाने गेला, त्या वर्षी तुम्ही रात्री उठून खताच्या पावत्या तपासत होता. तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू होता, बाबा. तुमचं खत चुकलं नव्हतं. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

तुमची,
सुमी