उलटणारी होडीच बरी

संपादकांची सूचना अशी की, शनिवार-रविवारी शिडाची होडी शिकू पाहणाऱ्यांसाठी लिहा, पण तांत्रिक काही नको. सूचना रास्त आहे, पाळणं अवघड आहे. कारण या छंदाबद्दलचे निम्मे गैरसमज तांत्रिक भाग टाळल्यानेच पोसले गेलेत. गेटवेजवळून भाड्याच्या यॉटवर तासभर फिरून, मावळतीचे फोटो काढून आलेले लोक ‘सेलिंग करून आलो’ म्हणतात, तिथवर ठीक आहे. पण आता शिकवणंही त्याच वळणावर चाललंय. प्रौढ नवशिक्याला थेट कीलबोटीवर, म्हणजे तळाला वजनदार कील असलेल्या होडीवर बसवायचं, टिलर म्हणजे सुकाणूचा दांडा हातात द्यायचा आणि कोरडाठाक घरी पाठवायचा. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. सुरुवात छोट्या, सहज कलंडणाऱ्या डिंगीतच व्हायला हवी.

वारा शिडाला मागून ढकलतो आणि होडी पुढे जाते, ही सार्वत्रिक समजूत वारा पाठीशी असतानाच खरी ठरते. मुंबईच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दुपारी वायव्येकडून खारे वारे सुटले, की कधी ना कधी त्यांना तोंड देत परतावं लागतं. वाऱ्याच्या अगदी समोर कोणतीच शिडाची होडी जात नाही. साधारण 45 अंशांचा कोन ठेवून, आलटून पालटून बाजू बदलत, म्हणजे टॅक करत जावं लागतं. तेव्हा शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं. बाकदार शीड वाऱ्याला वळवतं आणि त्या बदल्यात वारा शिडावर जोर लावतो. हा जोर बराचसा आडवा असतो, थोडाच पुढे. आडवा जोर डॅगरबोर्ड, म्हणजे होडीतून पाण्यात सोडलेली उभी फळी थोपवते, उरलेल्यावर होडी चालते. शिडाच्या दोन्ही बाजूंची हवा टोकाला एकाच वेळी पोचायला हवी म्हणून बाहेरची जास्त जोरात धावते, असं अजून सर्रास शिकवलं जातं. ते चूक आहे. तसा काही नियम नाही. बाहेरची हवा उलट आधी पोचते. असो, हे इथेच आवरतो.

मुद्दा असा, की हा सगळा तोल काही अंशांच्या फरकाने बिघडतो, आणि तो बिघडल्याचं शिकणाऱ्याला तत्क्षणी कळायला हवं. ब्रूस कर्बी यांनी आखलेली, 1996 पासून ऑलिंपिकमध्ये असलेली लेझर डिंगी 4.2 मीटर लांब असते. तिचं नुसतं धूड 59 किलोचं, म्हणजे बहुतेकदा चालवणाऱ्यापेक्षा हलकं. याउलट जे-24 ही कीलबोट सुमारे 1,400 किलोंची, त्यातले चारशेहून अधिक किलो तळाच्या कीलमध्ये. झोत आला आणि मेनशीट, म्हणजे शिडाची दोरी सैल करायला उशीर झाला, तर लेझर बघता बघता आडवी होते. कीलबोट झुकते, मंदावते आणि चालत राहते. चालवणाऱ्याला वाटतं, जमलं. मागून वारा घेत जाताना हा भ्रम जास्त महागात पडतो. तेव्हा सगळं शांत वाटतं, पण शिडाची बाजू अवचित बदलली, तर कीलबोटीचा जड बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा डोक्याच्या उंचीवरून झपकन फिरतो.

मुंबईत पाठांतरही कामाला येत नाही. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्यात जवळजवळ सहा तास. म्हणजे या शनिवारी दुपारी भरती असेल, तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी ओहोटी. शिवाय एका आठवड्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, तर दुसऱ्यात भांगाचं पाणी. आठवड्यातून एकदाच येणाऱ्याला जागा तीच, पण प्रवाह दर वेळी वेगळा भेटतो. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले, की आखूड, उभ्या लाटा उठतात. अशा पाण्यावर अंगाला कळलेलंच उपयोगी पडतं, आणि अंगाला कळवणारी होडी हलकी असावी लागते.

यावर पहिला आक्षेप धोक्याचा. पण लाइफ जॅकेट अंगात आणि बचावाची बोट जवळ असताना डिंगी उलटणं हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. तिच्यात बंद हवा असते, ती बुडत नाही. डॅगरबोर्डवर उभं राहून ती सरळ करता येते. खरा धोका होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत निघण्यात आहे, आणि पट्टीचे पोहणारेच तो मोह करतात. दुसरा आक्षेप वयाचा. गुडघे, पाठ साथ देत नसतील, तर कीलबोट हीच योग्य, यात वाद नाही. लांब पल्ल्याला जाणाऱ्यालाही शेवटी कीलबोटच लागते, पण शेवटी. तिसरा आक्षेप मुंबईच्या पाण्याच्या घाणीचा. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो फेटाळणारे प्रशिक्षक मला पटत नाहीत.

तरी एक विसंगती उरतेच. क्लार्क मिल्स यांनी 1947 मध्ये मुलांसाठी आखलेल्या, जेमतेम 2.3 मीटरच्या ऑप्टिमिस्टमध्ये आपण लहानग्यांना एकटं सोडतो. म्हणजे पद्धत आपल्याला ठाऊक आहे. मोठ्यांच्या बाबतीत ती बदलते, कारण मोठे फी भरतात आणि त्यांना भिजायचं नसतं. म्हणून प्रवेश घेण्याआधी एवढंच विचारा, होडी उलटवून सरळ करायला कोणत्या दिवशी शिकवता? ‘आमची बोट उलटतच नाही’ असं अभिमानाने सांगितलं, तर पैसे भरण्याआधी आणखी एका ठिकाणी चौकशी करा.