मानेतली नळी

अब्बांना धुळ्यातल्या एका खासगी दवाखान्यात आयसीयूत ठेवलं, तेव्हा मी जळगावला होतो. एरंडोल, पारोळा करत पोहोचेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. न्यूमोनियाचा संसर्ग रक्तात पसरला होता, बीपी टिकत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "मानेतून सेंट्रल लाइन टाकावी लागेल. बीपीचं औषध हाताच्या शिरेतून फार वेळ देणं बरं नाही. बाहेर गळलं तर आसपासचं मांस मरतं."

फॉर्म इंग्रजीत होता. फुप्फुसाला छिद्र, धमनीला इजा, रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग हे सगळं त्यात होतं, पण ते मी घरी आल्यावर वाचलं. त्या रात्री फक्त सही केली.

नळी नीट बसली. एक्स-रे चांगला आला. तिसऱ्या दिवशी बीपीचं औषध बंद झालं, अब्बांनी दोन घोट चहा घेतला. नळी मात्र तशीच राहिली. मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "राहू द्या, रक्त काढायला सोपं पडतं." मलाही बरंच वाटलं. म्हाताऱ्या हाताला रोज सुई नको.

आठव्या दिवशी अब्बा पलंग हलेल इतके थंडीने कापू लागले. नळीतून आणि हातातून रक्त घेऊन कल्चरला पाठवलं. दोन्हीकडे एकच जंतू, नळीतल्या रक्तात आधी वाढलेला. नळी काढली आणि पुन्हा चौदा दिवस अँटिबायोटिक.

नंतर मी याबद्दल वाचत बसलो. अमेरिकेत पीटर प्रोनोव्होस्ट नावाच्या डॉक्टरांनी मिशिगनमधल्या शंभराहून जास्त आयसीयूंत पाच साध्या गोष्टी काटेकोरपणे पाळायला लावल्या: हात धुणं, कातडी क्लोरहेक्सिडिनने पुसणं, रुग्णाला निर्जंतुक चादरीने पूर्ण झाकून स्वतः गाऊन-मास्क घालणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, आणि काम संपलेली नळी काढून टाकणं. दीड वर्षात या नळ्यांचा रक्तसंसर्ग दोन तृतीयांशापर्यंत घटला. हा अभ्यास 2006 साली छापून आला. यात महागडं यंत्र एकही नाही.

वुजू केल्याशिवाय आम्ही नमाजला उभे राहत नाही. पण हात न धुता त्या नळीची टोपी उघडणाऱ्याला मी माझ्या डोळ्यांसमोर टोकलं नाही. वाईट वाटेल, म्हणून गप्प राहिलो.

नळीशी माझं वैर नाही. पहिल्या तीन दिवसांत तिनेच अब्बांना वाचवलं. पुढचे पाच दिवस ती केवळ सोयीसाठी होती, आणि त्या सोयीला मीही मान डोलावली होती.

अब्बा घरी आले, पण पायातली ताकद गेली ती गेलीच. आता नमाज खुर्चीवर बसून पढतात.

परवा जळगावातल्या एका शेजाऱ्याची आई आयसीयूत होती. मी त्याला म्हटलं, "रोज सकाळी डॉक्टरांना एवढंच विचार, ही नळी आजही लागते का?"