सुझनला कोणी विचारले?

आवडत्या ग्रंथाचा शेवट मनाजोगा झाला नाही, म्हणजे वाचकास होणारे दुःख मोठे चमत्कारिक असते. तोंडाने ‘ते सारे काल्पनिकच’ असे म्हणावे, आणि मन मात्र जवळच्या माणसाने दगा दिल्याप्रमाणे खट्टू होऊन बसावे! एकच पुस्तक असेल तर ही हळहळ चार दिवसांत ओसरते. पण जी ग्रंथमाला घरात वर्षभर वाचली गेली, जिच्यातील मुले पंक्तीला बसणाऱ्या मुलांइतकी ओळखीची झाली, तिचा शेवट फसला तर घरातच काही बिनसल्यासारखे वाटते. सी. एस्. लुईस यांच्या ‘नार्निया’च्या सात पुस्तकांनी आमच्या घरी असेच केले.

ही पुस्तके १९५० पासून १९५६ पर्यंत दरसाल एक याप्रमाणे प्रसिद्ध झाली. युद्धकाळात लंडनवर हवाई हल्ले होत असल्यामुळे पीटर, सुझन, एडमंड व लूसी ही चार भावंडे दूर खेड्यात एका वृद्ध प्राध्यापकांच्या घरी राहावयास जातात, आणि तेथील एका कपाटातून बोलणाऱ्या प्राण्यांच्या नार्निया देशात पोचतात. रात्रीची जेवणे आटोपली की मी इंग्रजी पान वाचून मुलांना ते मराठीत सांगत असे. घरातील वडीलधारी मंडळीही सुपारी कातरण्याच्या निमित्ताने तेथेच रेंगाळत.

सातवे पुस्तक ‘द लास्ट बॅटल’ हे होय. त्यास इंग्लंडातील बालवाङ्मयाचे मानाचे कार्नेगी पदक मिळाले. यात नार्नियाचा प्रलय होतो व आपली मंडळी एका दारातून चिरंतन अशा नव्या नार्नियात प्रवेश करतात. शेवटी कळते, की इंग्लंडात आगगाडीच्या अपघातात ती सारी मरण पावली आहेत. आईवडीलही त्याच गाडीत होते. कथेचा शेवट प्रलयात व्हावा, ही माझी तक्रार नव्हे. लुईस हे श्रद्धाळू ख्रिस्ती होते व त्यांचा स्वर्ग त्यांच्या धर्मातून आला आहे. त्याच्याशीही माझे भांडण नाही.

माझे दुःख सुझनविषयी आहे. ती त्या गाडीत नव्हती. नार्नियाचा अखेरचा राजा तिची चौकशी करतो, तेव्हा पीटर थोडक्यात सांगतो की ती आता नार्नियाची मैत्रीण राहिली नाही. तिला नायलॉनचे मोजे, ओठांची लाली आणि मेजवान्यांची आमंत्रणे यांवाचून काही सुचत नाही, असे दुसरी एक मुलगी म्हणते. दोनचार वाक्यांत निवाडा होतो, आणि पीटर विषय बदलून सर्वांस झाडांवरील फळे चाखावयास बोलावतो!

ही सुझन कोण? अस्लान सिंह मरणास सामोरा निघाला त्या रात्री त्याच्या आयाळीत हात घालून लूसीसह चाललेली ती. एडमंडने मिठाईच्या लोभाने प्रत्यक्ष भावंडांस चेटकिणीच्या हाती देण्याचे योजले होते. त्यास क्षमा मिळाली व राजमुकुटही मिळाला. भावंडांचा घात क्षम्य, आणि ओठांची लाली अक्षम्य?

आमची थोरली पुतणी सोळा वर्षांची आहे. यांतील पहिले पुस्तक एकेकाळी तिनेच धाकट्यांना वाचून दाखवले होते. हल्ली ती वाचनाला बसत नाही. मैत्रिणी व आरसा यांत तिचा जीव रमतो. हे पान मी वाचले तेव्हा ती दाराशी उभी होती. मुलांनी मागे वळून तिच्याकडे पाहिले, एकदोघे हसली. ती काही न बोलता आत निघून गेली. थोड्या वेळाने सर्वांत धाकटीने विचारले, “पण काका, सगळी गेली हे सुझनताईला सांगायला कोण गेलं असेल?”

या प्रश्नास पुस्तकात उत्तर नाही. लुईस नऊ वर्षांचे असताना, १९०८ साली, त्यांची आई वारली. १९५५ च्या सहाव्या पुस्तकात त्यांनी एका मुलाच्या आजारी आईस जादूच्या फळाने बरे केले आहे. ज्यास पोरकेपण ठाऊक होते, त्यानेच एका मुलीस एका दिवसात आईबाप, दोन भाऊ व बहीण यांस पारखे केले आणि तिच्यासाठी एक अश्रूही कोणाच्या डोळ्यांत ठेवला नाही! १९५७ मध्ये एका बालवाचकास लिहिलेल्या पत्रात मात्र ते म्हणतात, की सुझन अजून जिवंत आहे, तिला सुधारण्यास वेळ आहे, व कदाचित ती आपल्या वाटेने तेथे पोचेल. हा दिलासा पुस्तकात असता तर!

आपल्या महाभारताचा शेवटही स्वर्गाच्या दारीच होतो. वाटेत एकेक जण पडतो, प्रत्येकाचा दोषही सांगितला जातो. परंतु स्वर्गात पोचल्यावर युधिष्ठिर प्रथम आपल्या माणसांची चौकशी करतो. ती नरकात आहेत असे दिसताच, आपण येथेच त्यांच्यापाशी राहणार, असे तो निक्षून सांगतो. दोष ठाऊक असूनही माणूस सोडावयाचे नाही, यातच त्याचे मोठेपण आहे. पीटरही राजाच होता आणि सुझन त्याची सख्खी बहीण होती.

घरातील मुले वाढतात. कोणी काही काळ आरशापुढे रमते, कोणी लहानपणीच्या खेळांना हसते. त्यांची नावे पंक्तीतून वगळण्याची घाई थोरांनी करू नये, आणि धाकट्यांस तसे शिकवूही नये. पुढे मुले हे पुस्तक मागतील तेव्हा ते मी आनंदाने देईन; मात्र त्या फळांच्या पानाशी थांबून धाकटीचा प्रश्न पुन्हा विचारा, एवढे सांगेन.