वाघाची बाजू

फोनवरच्या पोराचा आवाज गोड होता, हे कबूल करायला हवं. दर वाक्याला ‘काका’. माझा रिसॉर्टचा मेंबरशिप नंबर त्याला पाठ, 2006 साली घेतली तेही पाठ. वर्षाला एक आठवडा, पंचवीस वर्षं. आता ती घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे, 4,20,000 रुपये. फक्त एनओसीचे 18,500 आधी भरा. ते भरल्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 75,600. सगळं ‘रिफंडेबल’. मी म्हटलंसुद्धा, सौद्यातूनच कापून घ्या ना. ‘काका, सिस्टीम घेत नाही.’ सिस्टीमचं नाव निघालं की माझ्या वयाची माणसं गप्प बसतात.

हिने एवढंच विचारलं, ‘फुटला का भ्रमाचा भोपळा?’ तेव्हापासून डोक्यात भोपळा ठाण मांडून आहे.

भोपळाच का? भ्रमाचं मडकं का नाही? गावी विहिरीत पोहायला शिकवताना आमच्या पाठीला सुका भोपळा बांधत. टिचकी मारली की टणटण वाजायचा. आत काही नाही म्हणूनच तो तारायचा. एक दिवस धाकट्या काकांनी मला न सांगता गाठ सोडली. मी भोपळ्याच्या भरवशावर अर्धी विहीर कापली आणि मागे पाहिलं, तर तो पायरीपाशी एकटाच डुलत होता. फसवणूकच की ती. पण त्या दिवशी मला पोहता आलं.

आणि तो दुसरा भोपळा, म्हातारीचा. लेकीकडे निघालेली म्हातारी वाघाला सांगते, आत्ता माझ्यात हाडंच आहेत, परत येईन तेव्हा चांगली गुबगुबीत असेन. वाघ पटतो. हातातला घास सोडून रस्त्यात बसून राहतो. ही गोष्ट मी नातीला शंभरदा सांगितली असेल. दरवेळी आम्ही दोघं म्हातारीच्या बाजूने. परतणाऱ्या म्हातारीला घेऊन भोपळा टुणटुणत निघून गेल्यावर वाघाचं काय झालं, हे ना तिने विचारलं ना मला सुचलं. तो दुसऱ्या वाघांना काय म्हणाला असेल? की काहीच बोलला नसेल?

पण मी तरी वाघ कुठला? मे महिन्यात त्या रिसॉर्टमध्ये खोली कधीच मिळत नाही, दरवर्षी देखभालीचे पैसे मात्र न चुकता मागतात, हे त्या गिऱ्हाइकाला मी सांगणार होतो का? नव्हतो. पुढची वर्षं त्याच्या गळ्यात बांधून मोकळा होणार होतो. गिऱ्हाईक मुळात नव्हतंच, म्हणून मी सज्जन उरलो.

1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करून झाली. परवा आणखी एकाचा फोन आला: बुडालेले पैसे काढून देतो, थोडी फाइल फी आधी. आता मला सगळं कळतं. तरी मी फोन ठेवला नाही. त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकत राहिलो.

हिला अजून सांगितलेलं नाही.