उंबरठ्यावरचा नवखा

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव बिनदाराच्या घरांसाठी देशभर ओळखले जाते. घराला चौकट असते. परंतु परंपरेने तिला दार नसते, मग कडीकुलूप कोठले? भटकी कुत्री आत शिरू नयेत म्हणून फार तर एखादी फळी आडवी लावायची. यूको बँकेने २०११ साली येथे शाखा उघडली, तीही बिनकुलपाची शाखा म्हणून गाजली. गावात पोलीस ठाणे आले ते २०१५ साली. या वाटेने आम्ही अनेकदा गेलो आहोत. तेथे राहणाऱ्याला ही रीत कोणी समजावून द्यावी लागत नाही. परंतु नवा पाहुणा मात्र उंबरठ्यावर घुटमळतो. हाक मारावी, की सरळ आत जावे?

असाच एक उंबरठा आम्हांला निराळ्या ठिकाणी भेटला. धर्मभगिनींच्या देखरेखीखालील मुलींच्या वसतिगृहात इंटरनेट वाटून देणारी पेटी, म्हणजे राउटर, जुनी झाली होती. बनविणाऱ्यांनी तिच्यासाठी सुधारणा पाठविणे थांबविले होते. आणि अशी पेटी म्हणजे कुजलेल्या कडीचे दार. नवी घेण्यास पैसे नव्हते. धर्मग्रामातील अभियांत्रिकी शिकणारा एक तरुण म्हणाला, ''फादर, पेटी तीच ठेवू या, आतली प्रणाली बदलू.''

त्या प्रणालीचे नाव ओपनडब्ल्यूआरटी. लिंकसिसच्या एका राउटरची संहिता मुक्त परवान्याच्या अटींमुळे २००३ साली खुली झाली, आणि २००४ पासून स्वयंसेवकांनी तिच्या आधारे हे काम उभे केले. ते विनामूल्य आहे; कोणीही तपासावे, कोणीही सुधारावे. त्यांनी सूचनाही विपुल लिहिल्या आहेत. तरीही नवखा अडतो, कारण जाणकार लिहावयास बसला की आपला पहिला दिवस विसरतो.

उदाहरणे पाहा. एकाच नावाच्या दोन पेट्यांची आतली घडण वेगळी असू शकते; म्हणून पेटीच्या तळाशी चिकटविलेल्या पट्टीवरील आवृत्तीचा आकडा प्रथम वाचावा लागतो. २०२१ च्या आवृत्तीपासून किमान ८ मेगाबाइट साठवण आणि ६४ मेगाबाइट स्मृती लागते. पहिल्यांदा घालावयाची फाइल सहसा एक असते, पुढे सुधारणेसाठी वापरावयाची दुसरी. त्यांची अदलाबदल झाली तर काम फसते. एवढे सारे जमले, की बहुतेक पेट्यांचे वायफाय मुळातच बंद असते! नवख्याला वाटते, पेटी मेली. प्रत्यक्षात तिला तारेने संगणक जोडून १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडायचा असतो. मुख्य मोडेमचाही तोच पत्ता असेल, तर दोघांची टक्कर होते, तेव्हा मोडेमची तार आधी काढून ठेवायची. आत जाताना परवलीचा शब्द विचारला जातो, आणि तो मुळी नसतोच. येथे आम्हांला शिंगणापूर आठवले. बाहेरच्या जगाकडील दार प्रणाली स्वतःच बंद ठेवते. घराच्या आतले दार मात्र बिनकुलपाचे, ते लावण्याचे पहिले काम घरधन्याचे. आणखी एक गंमत अशी, की पडद्यावरील मजकुराच्या भाषांतरांत मराठीही आहे. परंतु ते पाहिजे असल्यास आधी इंग्रजीतून इंटरनेट चालू करून मग उतरवून घ्यावे लागते.

तरुणाने मराठीत दोन पाने लिहून काढली. आम्ही एकच अट घातली : वसतिगृहाच्या सिस्टरांनी ती पाने वाचत काम करावे, आणि त्याने शेजारी मुकाट्याने बसावे. सिस्टर तीन ठिकाणी थांबल्या. ती तिन्ही वाक्ये त्याने त्याच रात्री बदलली. 'पेटी पूर्ववत करा' येथे 'मागचे बारीक बटण दाबून धरा आणि दिवे लुकलुकू लागेपर्यंत सोडू नका' असे आले. आणि प्रत्येक पायरीनंतर काय दिसले पाहिजे, तेही आले.

पुढे तो नोकरीसाठी पुण्यास गेला. एकदा साफसफाई करताना तेच बटण कोणाकडून बराच वेळ दाबले गेले आणि पेटी मूळ अवस्थेस पोहोचली. तो शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा आठवडा होता. सिस्टरांनी कपाटातून दोन पाने काढली, दहावीतील दोन मुलींना जवळ बसविले आणि संध्याकाळच्या आत काम उरकले. तरुणाला फोनदेखील करावा लागला नाही. मुलींचे अर्ज वेळेत गेले.

याच तालुक्यात नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांनी संस्कृत न जाणणाऱ्यांसाठी गीतेचा अर्थ मराठीत उलगडला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, तेही लॅटिन न जाणणाऱ्यांसाठी. थोरांच्या पंक्तीत दोन पानांना बसविण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु समोरच्याला काय ठाऊक नाही, हे आधी जाणून मग बोलावे, ही रीत तीच आहे.

आपल्या कुटुंबांतून आज अनेक मुलेमुली संगणकाच्या क्षेत्रात आहेत. सुटीत घरी आल्यावर ती घरातील यंत्रे दुरुस्त करतात आणि निघून जातात. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की जाण्यापूर्वी केलेले काम आईला समजेल अशा मराठीत लिहून ठेवा, त्यावर तारीख घाला, आणि आई ते वाचीत काम करीत असताना मध्ये बोलू नका. ती जेथे थांबेल, ते वाक्य बदला.