आमच्या घरची पद्धत

पुरणाला गूळ कोणता घालायचा, यावरून आमच्या घरात जेवढी बोलाचाली झाली तेवढी बांधावरूनही झाली नसेल. पाटसला राहून हा वाद व्हायचाच. दौंड तालुका गुऱ्हाळांचा. केडगावकडं निघालं, राहू-पारगावच्या बाजूला वळलं, की वाळत घातलेली चिपाडं आणि चुलाणाचा धूर दिसल्याशिवाय राहत नाही. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी आलं, मागोमाग ऊस आला, खुद्द पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तरी पुरणात साखर घालणाऱ्या घराकडं आमच्याकडं अजून जरा संशयानंच बघतात.

गुळातही दोन तऱ्हा. एक पिवळाधमक, दुकानात उठून दिसणारा. काहिलीत हायड्रॉसची पावडर पडली की रसाचा रंग उतरतो आणि ढेप सोन्यासारखी दिसते. दुसरा काळपट तांबूस, रानभेंडीचा चीक घालून मळी काढलेला. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, पिवळ्या गुळाला हात लावायच्या नाहीत. मी तीच रीत पुढं चालवते, पण त्यामागं नुसती श्रद्धा नाही. काळ्या गुळाचं पुरण आटवायला वेळ लागतो, ते हाताला जरा सैल लागतं, पण खमंगपणा त्यालाच येतो. पाडव्याला गूळ त्याच हंगामातला, कोरडा, खडखडीत असतो. भाद्रपदात तीच ढेप पाझरलेली असते. त्यामुळं वर्षातल्या दोन मोठ्या सणांना एकाच मापानं पुरण घालून चालत नाही, आणि हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं.

घरच्या पोळ्या करता करता मी बाहेरच्याही करू लागले. साखरपुडा, वास्तुशांत, कुणाच्या वर्षश्राद्धाचं जेवण. तेव्हापासून लोक विचारतात, "काकू, तुमच्या घरची पद्धत कुठली हो?" मी सांगते डाळ, कट, गूळ, सुंठ, जायफळ. हरभऱ्याची डाळ बोटांत चिरडली पाहिजे, पण पाण्यात विरता कामा नये. विरली की कट दाट होतो आणि पुरण फिकं पडतं. गूळ डाळीच्या वजनाइतका. पळी उभी राहिली की पातेलं उतरवायचं आणि गरम आहे तोवर पुरणयंत्रातून काढायचं. गार झाल्यावर दांडा फिरता फिरत नाही. कणीक लोकवनची, वस्त्रगाळ. तेलपाण्यानं ती इतकी तिंबायची की उचलली तर बोटांतून लोंबली पाहिजे. हे सगळं खरं. पण "आमच्या घरची" म्हणताना जीभ अडखळते, कारण यातलं एकही या घरात जन्मलेलं नाही.

सुंठ आणि बडीशेप आत्याबाईंनी आणली, त्यांच्या इंदापूरकडच्या माहेराहून. त्यांच्या आधी इथं नुसतं जायफळ असायचं, असं त्याच सांगायच्या. मी शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याच्या बाजूची. माझ्या लहानपणी तिकडं कालवा नव्हता. भाकरी बाजरीची, आणि पोळी वर्षाकाठी मोजक्या सणांना, त्यामुळं ती पुरवून खायची रीत होती. पोळी गुळवणीत कुस्करून खायची, म्हणजे दोन पोळ्यांत पोट भरतं. ती गुळवणी माझ्याबरोबर या घरात आली. धाकटी जाऊ जुन्नरची, ती मासवडी घेऊन आली. तीळखोबऱ्याचं सारण भरून बेसनाची वडी वळताना तिचा हात असा चालायचा की आत्याबाईसुद्धा पाट ओढून बघत बसायच्या. आता आमच्या घरी भाऊबंद जमले की मासवडी हवीच, आणि पोरं ती वाडवडिलांपासूनची समजतात. वाडवडिलांनी ती चाखलीही नसेल.

आपल्याकडं लेक दुसऱ्या गावी द्यायची आणि सून दुसऱ्या गावाहून आणायची. आडनाव पुरुषांकडून येतं, जमीन त्यांच्याकडून येते, कुलदैवत त्यांचं. चुलीवरचं मात्र सगळं बाहेरून आलेल्या बाईच्या हातानं येतं. दर पिढीला स्वयंपाकघराची किल्ली परक्या गावच्या मुलीकडं जाते, आणि तिनं केलेलं पंचवीस वर्षांनी घराण्याचं म्हणून मिरवतं. म्हणून कुणी खानदानी चव म्हणालं की मला हसू येतं. कुणाचं खानदान, ते आधी विचारावं.

थोरल्या मुलानं सोलापूरची मुलगी केली तेव्हा भावकीत जरा कुजबूज झाली. मुलगी पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारी. सोलापूरच्या पूर्व भागात चादरी-टॉवेल विणणारी ही तेलंगणातून आलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांची मराठी अस्सल सोलापुरी असते. पाटसहून सोलापूर म्हणजे एकच हमरस्ता, गाडीत बसलं की सरळ. पण स्वयंपाकाच्या दृष्टीनं ती मुलगी न्हावऱ्याहून, इंदापूरहून, जुन्नरहून आलेल्या आम्हा सगळ्यांपेक्षा लांबून आली होती.

पहिलाच सण पाडव्याचा पडला. आपला पाडवा आणि त्यांची उगादी एकाच दिवशी, चैत्र शुद्ध प्रतिपदेला. आमच्याकडं सकाळी कडुनिंबाची कोवळी पानं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, जिरं, हिंग वाटून चिमूटभर हातावर ठेवतात. सगळे तोंड वाकडं करून गिळतात आणि पोळीची वाट बघतात. सूनबाईनं पातेलं काढलं. त्यात चिंचेचा कोळ, कैरीच्या बारीक फोडी, गूळ, मीठ, मिरची आणि वरून कडुनिंबाची फुलं, पानं नाहीत. ती त्यांची उगादीची पच्चडी. सहा चवी एका वाटीत, आणि ती प्यायची. फुलाचा कडूपणा पानासारखा जिभेला चिकटून बसत नाही. कैरीच्या आंबटपणामागून येतो आणि निघून जातो. घरातल्या पोरांनी परत मागून घेतली. कडुनिंब परत मागणारं पोर मी तोवर बघितलं नव्हतं. तरी आमची गोळी बंद केलेली नाही. नैवेद्याला ती, ताटात पच्चडी.

खरी गंमत भाद्रपदात झाली. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी बैलपोळा श्रावणी अमावास्येला. आमच्या भागात मात्र भाद्रपदी पोळा, सर्वपित्रीच्या दिवशी. ट्रॅक्टर आल्यापासून दारात बैल कमी झाले, पण ज्यांच्याकडं जोडी आहे ते शिंगं रंगवतात, झूल घालतात, आणि बैलाला पुरणपोळीचा घास दिल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. नेमक्या त्याच अमावास्येला तेलंगणात बतुकम्मा बसते. नऊ दिवसांचा हा फुलांचा सण २०१४ मध्ये तेलंगणानं राज्याचा सण म्हणून जाहीर केला, पण सोलापुरात तो त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे. त्यांना त्यासाठी तंगेडूची आणि गुनुगूची फुलं लागतात. सूनबाई नावं सांगत होती आणि मला काही उमगेना. मग तिनं फोनवर फोटो दाखवला. एक आपलं तरवड, दुसरं कुरडू! रोटी घाटाच्या बाजूला माळावर तरवड पिवळंधमक फुललेलं असतं आणि बाजरीत कुरडू इतकं माजतं की बाया खुरपून वैतागतात. नवरात्राच्या माळेला आम्ही तरवड घेतोच. त्या संध्याकाळी तिनं ताटात फुलांचा मनोरा रचला आणि पहिल्या दिवसाचा नैवेद्य म्हणून तीळ आणि तांदळाच्या पिठाचा पदार्थ केला. अंगणात एकीकडं पोळ्याची जोडी, दुसरीकडं बतुकम्मा. पुढच्या दिवसांत कधी तरी तिनं चपात्या आणि गूळ कुटून मलिदा केला. आत्याबाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, "हा तर उरुसाचा मलिदा." पिराच्या उरुसाला आपल्याकडं मलिदा करतात, तोच. त्यानंतर आत्याबाईंनी त्या मुलीला परकी म्हणणं सोडलं.

आता पोळीचं सांगते, कारण माझा धंदा तो. विहीणबाई पोळ्याला आल्या होत्या. त्यांची पोळी म्हणजे बक्षालू. मैद्याची कणीक, तेलात बुडवून ठेवलेली. लाटणं नाही, पिठी नाही. केळीच्या पानाला तेल लावायचं, गोळा ठेवायचा आणि बोटांच्या पेरांनी थापत न्यायचा. पोळी लहान, जाडसर, तुपात न्हालेली. तेलपोळी आमच्याकडंही काही घरांत पत्र्यावर लाटून करतात, पण लाटणं कुणाच्या हातून सुटत नाही. विहीणबाई माझ्या पोळीकडं बघून म्हणाल्या, "ताई, तुमचं पुरण कोरडं करताव म्हणून लाटता येतंय. आमचं मऊ असतंय, त्याला बोटच लागतंय."

वाक्य साधं, पण माझं भाद्रपदातलं जुनं दुखणं त्यात होतं. पाझरलेल्या काळ्या गुळाचं पुरण कितीही आटवा, घट्ट होईपर्यंत ठेवलं तर करपायला लागतं आणि आधी उतरवलं तर लाटण्याखाली पोळी फाटते. वर्षानुवर्षं मी पिठी जास्त लावून भागवत होते. जास्त पिठीची पोळी तव्यावर पांढरी राहते आणि दुसऱ्या दिवशी वातड होते. लाटणं सगळीकडं सारखं दाबतं, पुरण पळायला लागतं. बोटाला मात्र कळतं कुठं दाबायचं आणि कुठं सोडायचं. तेव्हापासून भाद्रपदातल्या आमच्या पोळ्या थापलेल्या असतात. कणीक लोकवनचीच, गूळ काळाच, पण केळीचं पान आणि तेल विहीणबाईंचं. पाडव्याच्या पोळ्या मी अजून पिठीवर लाटते, कारण तेव्हा गूळ कोरडा असतो आणि पातळ पोळीला लाटण्याला पर्याय नाही. सूनबाईनं तो पातळपणा माझ्याकडून उचलला. कटाचंही तसंच. आमची येळवणी काळ्या मसाल्याची, झणझणीत, वर तर्री. तिच्या आईचं चारू पातळ, चिंचेचं, कढीपत्त्याचं, पिण्यासारखं. कट एकच, पण सणाला दोन पातेली चढतात आणि दोन्ही रिकामी होतात.

अशी देवघेव एकाच घरात होते असं नाही. तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम हलवून पाटसमार्गे रोटी घाट चढून उंडवडीकडं जाते, त्या दिवशी गावात जेवढ्या चुली पेटतात तेवढ्या लग्नसराईतही पेटत नाहीत. यवतचं पिठलं-भाकरी वारकऱ्यांत नावाजलेलं. आमच्याकडंही शेजारच्या चार वाड्यांतल्या बाया एका ठिकाणी बसून भाकरी थापतात. कुणी परातीत फिरवते, कुणी हातावर वाढवते. त्या गर्दीत कुणाची पद्धत कुणी उचलली, याची नोंद कोण ठेवणार?

ही देवघेव धर्मही बघत नाही. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरांतून नाताळात केकच्या शेजारी करंज्या, शंकरपाळी, चकल्या असतात. मला तो फराळ दिवाळीच्या फराळाइतकाच ओळखीचा वाटतो. चकलीवरून आठवलं, संक्रांतीला सूनबाई सकिनालू करते. तांदळाचं पीठ, तीळ, ओवा. सोऱ्या लागत नाही. स्वच्छ कापडावर बोटांत पीठ पिळत पिळत गोल कडी घालायची, कड्यात कडं, आणि मग तळायचं. मी बसून बघते. मला ते जमत नाही आणि मी ते शिकायच्या मागंही लागत नाही. घरात एक पदार्थ एकीच्याच हातचा असलेला बरा.

एक गोष्ट मात्र मी करत नाही. ऑर्डर घेताना कधी कधी नवी मुलं विचारतात, चॉकलेटची पुरणपोळी कराल का, पुरणात काजू-पिस्ता आणि मध चालेल का. नाही म्हणून सांगते. बक्षालू आणि पुरणपोळी यांचं एक मिसळून तिसरंच काही करा, असंही कुणी सुचवलं होतं. दोन रीती एकमेकींना काही शिकवतात ते कामाची अडचण असते म्हणून. माझं पुरण सैल पडत होतं म्हणून मी थापायला शिकले. नुसतं वेगळं दिसावं म्हणून केलेला पदार्थ एका सणापुरता टिकतो, दुसऱ्या वर्षी कुणी त्याची आठवण काढत नाही. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ला आली. आमच्या घरातली प्रत सुटी झाली तरी अजून वापरात आहे, कारण तिच्यात घरात रोज लागणारं आहे. वाटीच्या मापानं कुठल्याही मुलखातल्या बाईला ती उपयोगी पडते. पण तीही भाद्रपदातल्या पाझरलेल्या ढेपेचं काही सांगत नाही. ते शेजारी बसलेली बाईच सांगते.

तुमच्या घरी दुसऱ्या मुलखातली सून आली असेल, नाही तर जावई आला असेल (पुरुषही हल्ली पोळ्या करतात, आमचा धाकटा करतो), तर पहिल्या सणाला त्याच्याकडून पाककृती लिहून घेत बसू नका. ओटा मोकळा करून द्या, शेजारी पाट टाकून बसा आणि आपलं लाटणं थोडा वेळ बाजूला ठेवा. गूळ कोणता लागतो, एवढं मात्र आधी विचारा; बाजार लांब असतो.