योजना

परवा विंचूरच्या चौफुलीवर चहा घेताना कळलं, सिस्टरबाई गेल्या. सांगणारा वर म्हणाला, "देवाची योजना, दुसरं काय!" माझा चहा तसाच राहिला. या शब्दांशी माझं जुनं वैर आहे.

वडील ऐन श्रावणात गेले. ओसरीवर एक पाहुणे आईला समजावत होते, वरच्याने काही ठरवूनच नेलं असेल. आई खाली मान घालून ऐकत होती. तेवढ्यात सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरबाई आल्या. गावातल्या मोजक्या ख्रिस्ती घरांपैकी एक त्यांचं. त्या काहीच बोलल्या नाहीत. पदर खोचून आधी पिठलं टाकलं, मग मागे कांद्याच्या चाळीत गेल्या. पावसात उन्हाळ कांद्याला पाणी सुटलं होतं, आणि त्या आठवड्यात निवडायला कोणाला सवड? त्या एकेक कांदा मानेशी दाबून बघत. नरम लागला की बाजूला, काजळी धरलेला वेगळा, कोंब आलेला वेगळा. तोंडाने कसलंसं गाणं चालू. मी विचारलं तेव्हा त्यांनी 'उपासना संगीत' हे ख्रिस्ती गीतांचं पुस्तक दाखवलं आणि पुढे ते मलाच देऊन टाकलं.

ते पुस्तक होस्टेलच्या ट्रंकेतून नोकरीच्या गावांत फिरलं. मी ख्रिस्ती झालो नाही. पण पापातून सोडवणूक आणि क्रुसावर मोजलेली किंमत ही भाषा त्यातूनच कानांवर पडली.

नाशिकला बदली झाली तेव्हा रोज शरणपूर रोडने जायचो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिशनऱ्यांनी वसवलेल्या त्या वस्तीत गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं राहत, शिकत. त्यांतला जेकब वेनराइट 1874 मध्ये आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याच्या शवासोबत थेट इंग्लंडला पोचला. त्या मुलांची पहिली सोडवणूक खऱ्याखुऱ्या बेडीतून झाली होती. आईबापांपासून ती तुटली, तीही योजनाच का? हा प्रश्न मला शरणपूरच्या सिग्नलला हमखास पडे.

सिस्टरबाईंच्या त्या पुस्तकातली कितीतरी गीतं कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची. 1893 मध्ये आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांना यात देवाचा हात दिसला, दिसणारच. त्यांच्या पत्नी, आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंना मात्र आधी दिसली ती ताटातूट. काही वर्षांनी त्या आपल्या पायांनी त्याच वाटेवर आल्या, टिळकांमागे अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य त्यांनीच पुढे नेलं. मला टिळकांपेक्षा त्यांचा विश्वास जास्त पटतो. आधी त्या रडल्या आणि भांडल्याही.

बायबलमधली ईयोबाची गोष्ट मी फार उशिरा वाचली. मुलंबाळं, गुरंढोरं गमावलेल्या त्या माणसाला भेटायला मित्र येतात. सात दिवस त्याच्याशेजारी मुकाट जमिनीवर बसतात, इथवर सगळं ठीक. मग एकेक जण त्याला देवाचं गणित समजावू लागतो. शेवटी देव ईयोबावर नाही, त्या मित्रांवर रागावतो! आमच्या त्या पाहुण्यांना हे कोणीतरी वाचून दाखवायला हवं होतं.

तेव्हा मंडळी, कोणाच्या दारी मयताला जाल तर देवाच्या वतीने खुलासा करू नका. मागच्या अंगाला जा, चाळीत कांदा निवडायचा राहिलेला असतो.